बावटा लागला की : लष्करी सरावाचा आवाज, धूळ आणि शेजारची शेती

मुरमाड

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहायचं डोक्यात होतं, पण भीती वाटत होती की धाग्याचं लगेच रणांगण होईल. तरी लिहितोच.

गावाचं नि रेंजचं, म्हणजे लष्कराच्या गोळीबार-सरावाच्या मैदानाचं, नाव मुद्दाम लिहीत नाही. मला कुणाविरुद्ध तक्रार छापायची नाही, समजून घ्यायचंय. एवढं सांगतो की कोरडवाहू मुलूख आहे, मुरमाड माळ, आणि आमच्या वस्तीच्या नि लष्कराच्या हद्दीच्या मधे एक ओढा आणि गायरान. सरावाच्या दिवशी टेकडीवर लाल बावटा लागतो. बावटा लागला की त्या बाजूला गुरं सोडायची नाहीत, हे आमच्याकडे पोरांना अआइईच्या आधी कळतं.

पहाटे अंधारात टेकडीमागं उजेड चमकला की आई चुलीपुढं बसल्याबसल्या मोजायला लागते. एक, दोन, तीन... अकराला पडवीचा पत्रा थरथरतो. तिला कुणी शिकवलेलं नाही, लहानपणी वीज चमकल्यावर मोजायची तीच सवय. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे अकरा सेकंदांचे पावणेचार किलोमीटर.

आता दुखणं. डिसेंबरात माझी ब्रॉयलरची बॅच चार आठवड्यांची होती. पहाटे लागोपाठ सात-आठ आवाज झाले. शेडमध्ये गेलो तर पक्षी एका कोपऱ्यात एकमेकांवर चढलेले. वरचे उचलून बाजूला करेपर्यंत खालचे गुदमरून गेले होते, चाळीसच्या वर. आमचा करार ज्यांच्याशी आहे ते म्हणाले, मरतुक तुमच्या खात्यावर. तलाठी म्हणाले, आवाजाचा पंचनामा कसा करू? बरोबरच आहे म्हणा, आवाज काही जागेवर पडून राहत नाही.

मग मी फोनवर डेसिबल मोजायचं ॲप घेतलं. आवाज झाला, पत्रा वाजला, कुत्रं कॉटखाली गेलं, आणि ॲपनं दाखवले ६४. चुलतभाऊ हसला. म्हणाला, आपली आटाचक्की यापेक्षा जास्त दाखवते.

दुसरं म्हणजे धूळ. रणगाडे फिरतात तेव्हा उठते ते समजू शकतो. पण ते निघून गेल्यावर चार दिवसांनी नुसता वारा सुटला तरी उन्हाळी कांद्याच्या पातीवर पिठासारखा थर बसतो. हे खरंच रेंजवरून येतं की आम्हीच उगाच तिकडे बोट दाखवतोय?

जाणकारांनी प्रकाश टाकावा.

कांदेपोहे_२

वाचतोय. विषय महत्त्वाचा.

खडूस_पेठकर

सैनिक सियाचीनला गोठतायत आणि इथं कोंबड्यांची पडलीय. सराव करायचा नाही तर काय लष्करानं व्हिडिओ गेम खेळायचे का?

दफेदार_निवृत्त

पेठकरसाहेब, मी चोवीस वर्षं रणगाड्यात काढली. माझ्या वतीनं भांडू नका, मला बोलता येतं.

मुरमाडभाऊ, तुम्ही लिहिलंय ते खोटं नाही. आवाजाचा पहिला मारा आमच्यावरच. १२५ मिलिमीटरची तोफ सुटते तेव्हा आत एक वेळ बरं, पण हॅच, म्हणजे वरचं झाकण, उघडं असेल तर छातीत धक्का बसतो. कानावर सगळं लावूनही आज रात्री दिवा मालवला की माझ्या उजव्या कानात रातकिडे सुरू होतात. बायको म्हणते कुठंय आवाज, मी म्हणतो आतच आहे.

आणि हो, व्हिडिओ गेम खेळतातच. सिम्युलेटरवर तासन्‌तास घालवल्याशिवाय पोराला खरा गोळा देत नाहीत, कारण खरा गोळा महाग. पण शेवटी खऱ्या मैदानात खरं फायरिंग करावंच लागतं. त्याला पर्याय नाही.

धुळीचं सांगतो. टी-७२ म्हणजे ४१ टन, टी-९० त्याहून पाचएक टन जास्त, अर्जुनची नवी आवृत्ती ६८ टनांच्या घरात. माळाच्या वरच्या थराला पावसानं धरलेली एक कडक साल असते. पट्ट्याखाली ती एकदा फुटली, गवताची मुळं उपटली, की खालचा मुरूम दळला जातो. वळताना तर जास्तच, कारण एक पट्टा थांबवून दुसरा फिरवतात, अक्षरशः जातं. ती पूड तिथंच पडून राहते. नंतर रणगाडा नसला तरी वारा ती उचलतो. तेव्हा चार दिवसांनी धूळ का येते, तर त्यामुळे.

लांबून पांढरा धूर दिसतो तो मात्र निराळा. टी-मालिकेतले रणगाडे गरम एक्झॉस्टमध्ये डिझेल सोडून स्वतःभोवती पडदा करतात. जळलेलं नसतं ते, वाफ होऊन बाहेर आलेलं डिझेल असतं. वास रॉकेलच्या स्टोव्हसारखा.

ध्वनीवेडा

माझा पोटापाण्याचा धंदा कारखान्यांतला आवाज मोजणं. तुमच्या चुलतभावाला हा प्रतिसाद वाचून दाखवा.

तुमचं ॲप खोटं बोलत नाही, ते चुकीचं ऐकतंय. आपण डेसिबल म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा ते 'ए' भारित असतात. माणसाच्या कानाला खर्जातले आवाज कमी ऐकू येतात, म्हणून मापक ते सूर मुद्दाम कापतो. ६३ हर्ट्झच्या आवाजातून 'ए' मापन २६ डेसिबल वजा करतं, ३१.५ हर्ट्झला जवळजवळ ४०. तोफेची बरीचशी ताकद नेमकी याच खालच्या पट्टीत असते, आणि लांब जाताना वरचे सूर हवेत विरून खर्जच उरतो. कानाला 'धुप्प' एवढंच वाटतं, पण पत्रा, खिडकी, मांडणीवरची भांडी त्या दाबावर थरथरतात. 'सी' नावाचं दुसरं मापन आहे, ते ६३ हर्ट्झला एक डेसिबलसुद्धा कापत नाही. अमेरिकी लष्कर मोठ्या तोफांसाठी 'सी' भारित सरासरी आणि प्रत्येक स्फोटाचं शिखर, दोन्ही बघतं. शिखर ११५ डेसिबलच्या खाली असेल तर तक्रारी कमी येतात, ११५ ते १३० मध्यम, १३० च्या वर हमखास, असा त्यांचा आडाखा आहे. त्यात तुमच्या फोनचा माइक माणसाचं बोलणं टिपायला केलेला. असा खर्ज त्याला पेलतच नाही.

आता आपला कायदा. ध्वनिप्रदूषण नियम २००० सालचे. निवासी भागात दिवसा ५५, रात्री ४५. दिवस म्हणजे सकाळी ६ ते रात्री १०. पण हे आकडे सरासरीचे आहेत! हिशोब करून बघा. समजा एका आवाजाची सगळी ऊर्जा एका सेकंदात कोंबली तर 'ए' मापनात ८५ डेसिबल भरते. दिवसात असे २० आवाज झाले. सोळा तासांचे ५७,६०० सेकंद. त्यावर ती ऊर्जा पसरली की सरासरी येते ५० डेसिबल. म्हणजे वीस वेळा घर हादरलं तरी कागदावर तुम्ही ५५ च्या आत, शांत गाव.

चक्कीशी तुलना तिथंच फसते. चक्की सलग चालते, कोंबडी तिला सरावते.

अनुजा_प

ध्वनीवेडा, भारीच समजावलंत. एक शंका. आम्ही नाशिकरोडला होतो तेव्हा थंडीत सकाळी लांबचे आवाज अगदी अंगणात झाल्यासारखे यायचे, आणि उन्हाळ्यात दुपारी काहीच नाही. हा भास होता का?

ध्वनीवेडा

भास नाही, उलटी हवा. एरवी जमिनीलगतची हवा गरम आणि वर जावं तशी गार, त्यामुळे आवाज वाकून आभाळाकडे जातो. थंडीत निरभ्र रात्रीनंतर जमीन गारठलेली असते, वर ऊबदार थर. आवाज त्या थराला लागून परत खाली वळतो. असं झालं की पाच किलोमीटरवरच्या गावाला कमी आणि दहा किलोमीटरवरच्या गावाला जास्त ऐकू आलं, हेही घडतं. तोच थर धूर आणि बारीक धूळही वर जाऊ देत नाही. म्हणजे डिसेंबरची पहाट आवाजालाही वाईट आणि हवेलाही.

मुरमाड, तुमच्या कोंबड्या डिसेंबरातच गेल्या ना?

मुरमाड

हो. आणि धुकंही होतं खाली ओढ्यात. मग साधा उपाय झाला की! पहाटे सहाऐवजी सकाळी नऊनंतर उडवा. ऊन वर आलं की तो थर मोडेल.

दफेदार_निवृत्त

भाऊ, इथंच तर गोम आहे. ऊन वर आलं की माळ तापतो, आणि दुर्बिणीत लक्ष्य पाण्यात बुडाल्यासारखं हलायला लागतं. दोन किलोमीटरवरची फळी आहे त्याजागी दिसतच नाही. म्हणून गनरीवाले सकाळची स्वच्छ हवा शोधतात. तुम्हाला जी वेळ सगळ्यात वाईट, तीच आम्हाला सगळ्यात चांगली.

तरी मधला रस्ता असतो. नेमबाजीची सुरुवात लहान कॅलिबरनं करायची, मोठ्या तोफा थोड्या उशिरा. उन्हाळ्यात जमणार नाही, थंडीत दोन तास इकडे-तिकडे चालू शकतं. पण हे कुणी मागायला तर पाहिजे. 'आवाज बंद करा' असा अर्ज आला की तो सरळ दप्तरात जातो.

राहुरीकर

या निमित्तानं के. के. रेंजचं नाव निघायलाच हवं. (धागाकर्त्याचं गाव तेच आहे असं मी म्हणत नाही.) बाहेरच्यांना वाटतं के. के. म्हणजे कुणा इंग्रज साहेबाची आद्याक्षरं. ते आहे खारे कर्जुने, नगर तालुक्यातलं गाव. १९४८ पासून अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, आर्मर्ड कोरचं प्रशिक्षण केंद्र आहे. मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचं, म्हणजे चिलखती गाड्यांतून लढणाऱ्या पायदळाचं, केंद्रही इथलंच. देशातला रणगाडेवाला इथल्या फुफाट्यातून गेल्याशिवाय तयार होत नाही, याचा आम्हाला अभिमानही आहे.

पण राहुरी, पारनेर आणि नगर तालुक्यांतल्या २३ गावांवर विस्ताराची टांगती तलवार वर्षानुवर्षं आहे. त्यातली काही माणसं मुळा धरणात आधीच एकदा उठलेली. वावरथ, जांभळी, बारागाव नांदूर, वनकुटे, ढवळपुरी ही नावं त्यासाठी पेपरात येत राहिली. शरद पवारांनी संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांच्यापर्यंत विषय नेला होता. या सगळ्यात बोलणं कशावर होतं? जमिनीवर. सातबाऱ्यावर. आवाज नि धूळ हा विषय कुणाच्याच निवेदनात नसतो, कारण ज्याची जमीनच जाणार त्याला पत्रा वाजण्याचं काय? आणि ज्याची जमीन जात नाही, नुसती शेजारी आहे, तो मोजणीतच नाही.

खडूस_पेठकर

बरं, माझा पहिला प्रतिसाद जरा तिखट होता. पण रेंज नसती तर त्या माळावर काय झालं असतं? प्लॉटिंग. दगडखाणी. क्रशरची धूळ रणगाड्यापेक्षा कमी असते का?

गवताळ

पेठकरांशी चक्क सहमत. :) गवताळ रानांवर काम करते म्हणून सांगते. जगभर फायरिंग रेंजेस ही नकळत राखलेली अभयारण्यं ठरली आहेत, कारण तिथं नांगर नाही, घर नाही, कुंपण नाही. राजस्थानात पोखरणच्या फायरिंग रेंजमध्ये माळढोक अंडी घालतो. इंग्लंडमध्ये सॅलिसबरी प्लेन लष्कराकडे १८९७ पासून आहे. तिथलं चुनखडीवरचं गवताळ रान टिकलं ते त्यामुळेच, आणि इंग्लंडातून नामशेष झालेला माळढोकाचा भाऊबंद २००४ पासून तिथंच पुन्हा सोडायला लागले.

पण हा युक्तिवाद शेजाऱ्याच्या तोंडावर फेकू नये. पक्षी दुसऱ्या टेकडीवर जातो. मुरमाडदादांचं शेड कुठं जाणार?

डाळिंबीण

धुळीबद्दल थोडं शेतीच्या अंगानं. पातीवर थर बसला की पर्णरंध्रं बुजतात, ऊन आत पोचत नाही, हे तर आहेच. खरा त्रास पुढचा. धुळकट पानावर कोळी (ती रस शोषणारी बारीक कीड) फोफावतो, कारण त्याला खाणाऱ्या मित्रकिडींना धूळ सोसत नाही. फवारणी केली तर औषध पानावर न बसता धुळीवर बसतं. आमच्याकडे कारण वेगळं होतं, चौपदरीचं काम चाललेलं, पण डाळिंबाच्या रस्त्याकडच्या चार ओळी आणि आतल्या ओळी यांत डोळ्यांनी दिसेल इतका फरक होता. मी काय केलं ते सांगते. बांधावर दाट शेवरी लावली, आणि बहार धरताना आठवड्यातून एकदा साध्या पाण्याचा फवारा.

आणि मुरमाडदादा, मोजायचंच असेल तर ॲप नको. बशीला व्हॅसलीन चोळा आणि बांधावर ठेवा. एक रेंजच्या बाजूला, एक उलट्या बाजूला, एक घरामागं. बावटा असलेले दिवस, नसलेले दिवस, वारा कुठून, हे कॅलेंडरवर लिहा. हे काही प्रयोगशाळेत टिकणार नाही, पण 'उगाच बोट दाखवतोय का' याचं उत्तर तुमचं तुम्हाला मिळेल.

कांदेपोहे_२

हवेचं सरकारी प्रमाण काय असतं?

डाळिंबीण

२००९ च्या मानकांत दहा मायक्रॉनखालच्या धुळीला २४ तासांची मर्यादा घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम, अडीच मायक्रॉनखालच्या कणांना ६०. पण मोजणारी केंद्रं बहुतेक शहरांत. माळावर कोण मोजतंय?

रसायनवाला

धूळ दिसते म्हणून तिच्याबद्दल बोलतोय. न दिसणारं सांगतो. घाबरवायचा हेतू नाही.

तोफेतली दारू मुख्यतः नायट्रोसेल्युलोज. जळल्यावर कार्बन मोनॉक्साइड, नायट्रोजन, वाफ, थोडे नायट्रोजनचे ऑक्साइड असं बाहेर येतं. मोकळ्या माळावर हे वायू पांगतात, तीन-चार किलोमीटरवर त्यांची चिंता करू नये. चिंता असते गोळे जिथं पडतात तिथल्या मातीची. गोळा पुरता फुटला तर आतलं स्फोटक जवळजवळ सगळं जळून जातं. अर्धवट फुटला तर आरडीएक्स, टीएनटी मातीत राहतं. टीएनटी मातीला धरून बसतं, आरडीएक्स मात्र पाण्याबरोबर खाली झिरपतं. अमेरिकेत केप कॉडच्या लष्करी तळाखाली पिण्याच्या पाण्याचा साठा होता. त्यात हे सापडायला लागल्यावर १९९७ मध्ये तिथल्या पर्यावरण खात्यानं स्फोटक दारूगोळ्याचा सरावच थांबवला. लष्कराला!

दफेदार_निवृत्त

एक दुरुस्ती. रणगाड्यांच्या सरावाचे गोळे बरेचसे नुसत्या लोखंडाचे असतात, त्यात स्फोटक नसतं. रसायनवाले म्हणतात ते तोफखान्याच्या रेंजला जास्त लागू.

आणि न फुटलेल्या गोळ्याला आम्ही 'ब्लाइंड' म्हणतो. फायरिंगनंतर ब्लाइंड शोधून जागेवर उडवतात, पण एखादा मातीत रुततो. हात जोडून सांगतो, भंगारासाठी पोरांना त्या माळावर जाऊ देऊ नका. किलोमागं मिळणाऱ्या पैशांसाठी माणसं गेलीत.

सिएटलकर

इथल्या परिस्थितीची नोंद. सिएटलच्या उत्तरेला व्हिडबी बेटावर अमेरिकी नौदलाचा तळ आहे. ग्राउलर विमानं विमानवाहू जहाजावर उतरण्याचा सराव जमिनीवरच्या धावपट्टीवर करतात, टेकायचं आणि लगेच उडायचं, पुन्हा पुन्हा. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या २०२४ च्या अभ्यासात ७४ हजारांहून अधिक लोकांना आरोग्याला घातक पातळीचा आवाज पोचत असल्याचं निघालं, झोपमोड आणि चिडचिड मुख्यतः. त्याआधी २०२२ मध्ये न्यायालयानं नौदलाचा पर्यावरण अहवाल अपुरा ठरवला होता. विमानं थांबली? नाही. पण सरावाचं वेळापत्रक नौदल आठवड्याआधी जाहीर करतं. आमचे एक मराठी स्नेही तिकडे राहतात, ते त्या तक्त्याप्रमाणे आईवडिलांना शनिवारी बोलवायचं की नाही ठरवतात.

वकीलसाहेब_नाहीत

भारतातलं सांगतो. २००६ च्या पर्यावरण परिणाम अधिसूचनेत संरक्षणाच्या प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट आहे. त्यामुळे सिएटलसारखा रस्ता इथं सरळ नाही.

पण एक जुना कायदा आहे, इंग्रजांचा, अजून चालू : मॅनोव्हर्स, फील्ड फायरिंग अँड आर्टिलरी प्रॅक्टिस ॲक्ट, १९३८. लष्कराच्या मालकीची नसलेली जमीन सरावासाठी वापरायची तर राज्य सरकारनं अधिसूचना काढायची, आणि झालेल्या नुकसानीची भरपाई द्यायची. सरावाबरोबर जिल्हाधिकाऱ्यानं महसूल अधिकारी पाठवायचा, त्यानं जागेवर दावे ऐकायचे. मुरमाड, तुम्ही आधी हे बघा की तुमचं गायरान अशा अधिसूचनेत धोकाक्षेत्र म्हणून आहे का. असेल तर 'आवाजाचा पंचनामा कसा करू' हे उत्तर पुरेसं नाही. पंचनामा आवाजाचा नसतो, मेलेल्या पक्ष्यांचा असतो. पशुवैद्यकाचा दाखला, त्या दिवशीची फायरिंगची नोटीस, फोटो वेळेसकट.

अनुजा_प

अवांतर : तोफांमुळे डोकं फिरणं हा प्रकार आपल्याकडे इंग्रजीला शब्द देऊन बसलाय. देवळालीच्या छावणीत मायदेशी जायच्या बोटीची वाट बघत गोरे सोल्जर महिनोन्‌महिने पडून असायचे आणि वेडे व्हायचे, म्हणून 'डूलाली'. अर्थात तो दोष तोफांचा नव्हता, कंटाळ्याचा. तोफखान्याचं स्कूल फाळणीनंतर आताच्या पाकिस्तानातल्या काकूलहून देवळालीला आलं.

कोंबडीचोर

(नावावर जाऊ नका, माझी स्वतःची तीन शेड्स आहेत.) मुरमाडभाऊ, शेडमध्ये रेडिओ लावा. दिवसरात्र, मध्यम आवाजात, पहिल्या आठवड्यापासून. पक्ष्यांना सारख्या आवाजाची सवय राहते, अचानक शांततेत धडाड झालं तरच ते उधळतात. कोपऱ्यांत जाळी गोल वळवून लावा, काटकोन ठेवू नका, म्हणजे चढाचढ होत नाही. आणि रात्री मिट्ट काळोख नको, एक मंद बल्ब. आम्ही फटाक्यांसाठी करतो हे, तोफेलाही चालेल.

मुरमाड

सगळ्यांचे आभार. पंधरा दिवसांनी लिहितोय.

बशा ठेवल्या होत्या. ईशान्येच्या वाऱ्यात रेंजकडची बशी तांबूस झाली, घरामागची जेमतेम. पण मधे तीन दिवस बावटा नव्हता आणि वारा उलटा होता, तेव्हा घरामागची जास्त भरली. ती आमच्या वस्तीच्या कच्च्या रस्त्याची. म्हणजे थोडं बोट आमच्याकडेही वळलं, कबूल.

सरपंचांना घेऊन गेलो. 'आवाज बंद करा' असं नाही लिहिलं. तीनच गोष्टी मागितल्या : बावट्याच्या आधी दोन दिवस फोनवर वेळ कळावी, थंडीत मोठ्या तोफा उशिरा सुरू कराव्यात, आणि हद्दीलगतच्या वाटेवर पाणी मारावं. जे साहेब भेटले त्यांनी चहा पाजला. दुसऱ्या-तिसऱ्या गोष्टीवर 'वर कळवतो' म्हणाले. पहिलीसाठी एका सुभेदारांचा नंबर दिला. परवा पहिला निरोप आला, '०६३० ते १४००'. बाकी काही नाही, नुसते आकडे. पण मी रात्रीच पडदे सोडले, बल्ब ठेवला, आकाशवाणी लावून झोपलो. नव्या बॅचमध्ये एकही पक्षी गेला नाही.

एक विचारायचं राहिलं, दफेदारसाहेब. आज पहाटे आईनं मोजलं ते नऊच भरले. मी म्हटलं चुकलीस. तिनं पुढच्या दोन्ही वेळा मोठ्यानं मोजून दाखवलं, नऊच. थंडी-उन्हानं आवाजाच्या वेगात एवढा फरक पडतो का?

दफेदार_निवृत्त

एवढा नाही पडत. फायरिंग पॉइंट बदलला असेल. सुभेदारसाहेबांना विचारून घ्या. आणि आईंना माझा नमस्कार सांगा, आमच्याकडे असे ओपी, म्हणजे पुढं बसून मारा टिपणारे निरीक्षक, कमीच होते.